विशेष काही नाही

चक्कर येऊन बाथरूमच्या दारात पडले, म्हणून माझ्या मेंदूचा एमआरआय काढला. रिपोर्ट इंग्रजीत. कसले तरी ठिपके दिसतात आणि ते ‘नॉन-स्पेसिफिक’ आहेत, असं त्यात होतं. ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, चष्मा वरखाली करत ते वाचलं आणि मला मराठीत सांगितलं, विशेष काही नाही. खाली तज्ज्ञांना दाखवा असंही लिहिलं होतं, पण ते मोठे डॉक्टर परगावी गेलेले. पुढच्या सोमवारशिवाय भेटणार नव्हते.

हे ‘विशेष काही नाही’ मला चांगलं ठाऊक आहे. माझं माहेर सिन्नरचं. तिथे वडील आजारी पडले तेव्हा अख्खं घर त्यांना हेच सांगत होतं. काय झालंय ते त्यांना शेवटपर्यंत कळू दिलं नाही. फक्त सगळे गोड वागायला लागले. आईने तर त्यांची तंबाखू लपवणंसुद्धा सोडून दिलं.

म्हणून मी ह्यांच्यावर पाळत ठेवली. फोन करायचा झाला की हे गॅलरीत जायचे. कुणाशी बोलत होतात विचारलं, तर म्हणे बँकेत. बँकेशी इतकं हळू कोण बोलतं? पुण्याचा मुलगा रोज फोन करून ‘जेवलीस का’ विचारायला लागला. एरवी त्याला आई आठवते ती घरचा मसाला संपला की. त्यात एका सकाळी ह्यांनी आपणहून दूध तापवलं आणि माझी खात्रीच पटली.

शेवटी मी परीक्षा घ्यायची ठरवली. आमटीत मुद्दाम दुप्पट मीठ घातलं. मीठ जरा कमी-जास्त झालं तरी ताट सरकवणारा हा माणूस. त्या दिवशी मान खाली घालून जेवला आणि वर म्हणाला, छान झालीय. मला रडूच फुटलं.

“अहो, मला काय झालंय ते एकदाचं सांगून टाका,” मी म्हणाले. “हे गोड वागणं मला सहन होत नाही.”

ह्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

“मी काय सांगणार? तुलाच माहितीय ना. रिपोर्ट घ्यायच्या दिवशी मी द्वारका चौकाच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो, तेव्हा एमआरआय सेंटरमधले डॉक्टर तुझ्याशी एकटीशी बोलले. मी तेव्हापासून वाट बघतोय, तू कधी सांगशील म्हणून.”

गॅलरीतले फोन मोठ्या डॉक्टरांच्या दवाखान्यात होते, नंबर आधीचा मिळतो का ते विचारायला. आणि मला तिथे कुणी काहीही सांगितलं नव्हतं. कागद दिला आणि दाखवून घ्या म्हणाले, एवढंच. इतके दिवस मी ह्यांच्यावर जळफळत होते, पण निदान घरात एकाला तरी ठाऊक आहे, असं मी धरून चालले होते. आता कळलं की कुणालाच काही माहीत नाही, आणि तेव्हा मला खरी भीती वाटली.