तिनं हात उचलला नाही

आमच्या शाळेत चार इयत्तांना मिळून एक खोली आणि एक गुरुजी. खालापूरकडचं आमचं गाव भातशेतीचं. दिवाळी सरली की आईबाप खळ्यावर आणि पोरं शाळेत. गुरुजी घाटावरून बदली होऊन आलेले, एकटेच राहायचे. शिकवायचे चांगलं, पण मारायचेही, आणि त्या मारण्याची त्यांची एक रीत होती. ज्याला उत्तर येत नाही त्याचं नाक, ज्याला येतं त्यानं एका हातानं धरायचं आणि दुसऱ्या हातानं थोबाडीत द्यायची. कुणी हळू मारली तर "अशी मारतात होय? ही बघ, अशी!" म्हणून गुरुजी मारणाऱ्यालाच मारून दाखवायचे. त्यामुळं सगळे जोरातच मारत. भावानं बहिणीचं नाक धरून तिला मारलेलं मी पाहिलंय. मग मधल्या सुट्टीत शाळेमागं त्याचा वचपा निघायचा, दगडांनी, दातांनी.

चौथीत आम्ही मुली दोघीच. मी अभ्यासात यथातथा. ती हुशार, आणि हुशारी लपवायची तिला गरज वाटत नसे. तिचे वडील दुसऱ्याची शेती कसायचे. अंगानं धिप्पाड, बोलायला अगदी कमी. आम्ही दोघी एका बस्करावर बसायचो, एका डब्यातलं खायचो. एकमेकींना मारायची पाळी आमच्यावर आली नव्हती.

त्या दिवशी पहिला तास पाढ्यांचा होता.

"एकोणीस साते?" गुरुजींनी मला विचारलं.

मी मनातल्या मनात चढत गेले आणि मध्येच घसरले.

"तू सांग."

"एकशे तेहतीस," ती म्हणाली.

"शाबास. धर तिचं नाक."

ती उभी राहिली, माझ्याकडे वळली आणि हात खाली सोडून तशीच राहिली.

"ऐकू नाही आलं?"

"आलं, गुरुजी. मी नाय मारणार."

गुरुजींची छडी तिच्या तळव्यावर बसली. एकदा, मग दुसऱ्या हातावर, मग पुन्हा. पोरं आपापल्या पाट्यांत डोकं घालून बसली होती. ती खाली बसली तेव्हा तिनं हात काखेत दाबून धरले होते.

पुढचा तास शुद्धलेखनाचा. गुरुजींनी मुद्दाम आम्हा दोघींनाच फळ्यापाशी बोलावलं. 'आशीर्वाद' लिहायला सांगितलं. मी पहिली वेलांटी काढली. तिनं बरोबर लिहिला, तळवे सुजलेले असूनही अक्षर सुबक.

"आता?" गुरुजी म्हणाले.

"नाय, गुरुजी."

या वेळी पोटऱ्यांवर. ती फळ्याला धरून उभी राहिली आणि खडूनं लिहिलेलं सगळं तिच्या अंगानं पुसलं गेलं.

मधल्या सुट्टीत आम्ही बांधावर बसलो. भाकरी तिच्या हातात धरवेना, म्हणून मी तुकडे करून भरवले.

"मार ना गं मला एकदाची," मी म्हणाले. "मला नाय लागत. आई तर रोजच मारते."

"नाय."

"मग उत्तर चुकवायचं. येत नाय म्हणायचं."

"येतं तर येत नाय कशाला म्हणू?"

मला तिचा रागच आला. तिच्या हट्टापायी दोघींचाही जीव टांगणीला लागला होता.

दुपारी भूगोल. भिंतीवर कुलाबा जिल्ह्याचा नकाशा होता. आमच्या उशाशी वाहणारी पाताळगंगा शेवटी कुठं जाते, असं गुरुजींनी विचारलं. मी "मुंबईला" म्हणाले आणि खोलीभर हसू फुटलं. तिनं धरमतरची खाडी अचूक दाखवली. मग पुन्हा तेच. गुरुजींचा चेहरा आता वेगळा दिसत होता. पहिलीची पोरंसुद्धा तिच्याकडे टक लावून बघत होती, आणि ते त्यांना सोसत नव्हतं.

सूतकताईचा तास तेवढा शांत गेला. टकळ्या फिरत होत्या. तिचा धागा मात्र पुन्हा पुन्हा तुटत होता.

शेवटी कवायत. अंगणात रांगा लावल्यावर गुरुजींनी छडी टाकून दिली आणि कोपऱ्यातला लेझमीचा दांडा उचलला. "सगळ्यांसमोर सांगतो, हिला मार. सकाळपासूनचं राहिलंय."

तिनं मानेनंच नाही म्हटलं. दांडा डोक्याकडे येताना तिनं हात आडवा घातला आणि सुकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. ती ओरडली. दिवसभरात पहिल्यांदाच. कोपराखाली हात भलतीकडेच वाकला होता. गुरुजी जागच्या जागी पांढरे पडले.

कुणीतरी खळ्यावर धावलं. तिचे वडील आले ते अंगाला भाताचं कुसळ चिकटलेलं, तसेच. त्यांनी लेकीचा हात पाहिला, मग गुरुजींकडे वळले.

"काय केलं पोरीनं?"

"ऐकत नाही. त्या पोरीला मार म्हटलं, तर मारत नाही."

त्यांना ते समजायला जरा वेळ लागला.

"मारत नाय, म्हणून मारलं?"

गुरुजी काही बोलायच्या आत त्यांच्या कानाखाली बसली. टोपी उडाली. दुसऱ्या फटक्याला ते खाली पडले, आणि तिचे वडील त्यांच्या छातीवर गुडघा रोवून मारतच राहिले. गुरुजींच्या नाकातून रक्त आलं. आम्ही पोरं भिंतीला चिकटून रडत होतो. खळ्यावरच्या माणसांनी ओढून काढलं नसतं तर त्या दिवशी काय झालं असतं कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी देवळात गाव जमलं. गुरूवर हात टाकला म्हणून तिच्या वडिलांना सगळ्यांदेखत गुरुजींच्या पाया पडायला लावलं. पोरीच्या हाताचं नाव कुणी काढलंच नाही. जमीनमालकानं पुढल्या साली शेत दुसऱ्याला दिलं. गुरुजी रजेवर गेले ते परत आले नाहीत. नवे आले, त्यांच्याकडेही छडी होती. फक्त मारायचं ते स्वतः मारत.

वैदूनं कामट्या बांधून तिचा हात बसवला, पण वाकडाच. ती शाळेत आली तेव्हा आईनं मला बजावलं होतं, "त्या घरच्या पोरीजवळ बसू नकोस." तरी मी बसले. तीच उठली आणि पलीकडे जाऊन बसली.

"रागावलीस गं?" मी विचारलं.

"नाय," ती म्हणाली. "तुझ्याकडं बघितलं की हात दुखतो."

त्या वर्षी ती चौथी पास झाली, पहिल्या नंबरानं. पावसाळ्याआधी तिचं बिऱ्हाड मोहोपाड्याकडे गेलं. तिथं कारखान्यांची कामं निघाली होती म्हणतात.