आठ अक्षरं, शेवटी टी-आय-ओ-एन

टायपिंग क्लासचे किस्से कार्बन कॉप्यांसारखे असतात. वरचा कागद उचलला की खाली दुसरा, त्याखाली तिसरा, आणि तळाचा जरा पुसट. मला मात्र तळाचासुद्धा लख्ख वाचता येतो. सांगू का? नको म्हणालात तरी सांगणारच आहे.

एकाहत्तर-बहात्तरची गोष्ट. नगरला कापडबाजारात एका दुकानाच्या माडीवर काळे सरांचा क्लास होता. सहा मशिनं, त्यातली चार धड. सर इंग्रजी शब्दांच्या याद्या करून द्यायचे आणि यादीचा कायदा कडक: सगळ्या शब्दांची शेपटी एक आणि लांबीही एक. आमच्या बॅचच्या नशिबी आली 'आठ अक्षरं, शेवटी टी-आय-ओ-एन'. पोझिशन, रिलेशन, इलेक्शन, टॅक्सेशन, डोनेशन. एकाखाली एक, पानंच्या पानं. स्वप्नातसुद्धा आमची बोटं पांघरुणावर 'शन शन' करत असायची.

*

सावेडीचा बाळू सायकलवरून यायचा. तिकडे तेव्हा नुसती शेतं. एकदा सरांनी त्याला विचारलं, "बाळू, 'रिलेशन' किती वेळा टाइप केलंस?"

"दोन हजार वेळा तरी, सर."

"अर्थ काय त्याचा?"

बाळूने मशिनकडे पाहिलं, मग स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. "सर, आमची तोंडओळख आहे. घरी जाणं-येणं नाही."

सर हसता हसता खुर्चीवरून पडायचे राहिले. अर्थ सांगायचं मात्र विसरले. बाळूनेही परत विचारला नाही.

*

त्याच दिवसांत मला बघायला पाहुणे आले. मी पोह्यांचा ट्रे ठेवून खाली बसले. मुलाचे काका म्हणाले, "आमचा मुलगा इरिगेशनमध्ये आहे."

झालं. शेपटी आमचीच, पण लांबी? मी पदराआड बोटांवर अक्षरं मोजायला लागले. दहा भरली. दोन अक्षरं जास्त! यादीत बसत नाही म्हणून माझी मान आपोआप नकारार्थी हलली.

काकांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. "मुलीला पसंत दिसत नाही," म्हणाले आणि उठलेच. मुलगा दिसायला बरा होता हो! मला अजून हळहळ वाटते. बाबा आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. आई बोलली, आणि ते जास्त वाईट होतं.

*

आमच्यात विमल होती, पाथर्डीकडची. एसटीने यायची आणि सोबत तिची सासू, सोनाबाई. सून एकटी कशी पाठवायची म्हणून सासू कोपऱ्यात पोतं टाकून बसायची. अक्षरशत्रू बाई. पण महिन्याभरात आमचे कागद लांबूनच बघून म्हणायला लागली, "सर, त्या पोराची भित्त फुगली बगा."

सर जाऊन बघतात तर बाळूने 'पोझिशन'मध्ये एक अक्षर जास्त घातलेलं. सगळे शब्द सारख्या लांबीचे, त्यामुळे उजवी कड ओळंबा लावल्यासारखी सरळ हवी. सोनाबाईंनी गावात भिंती लिंपलेल्या. त्यांना एवढं कळायला एबीसीडी कशाला लागते? पुढे पुढे सर कागद आधी त्यांच्याकडे धाडायचे आणि मग चष्मा लावायचे.

*

आता विमलचं सांगते. गंमत नाही, तिचा जीव टांगणीला होता. दोन वेळा नापास झालेली. दुष्काळी कामांच्या कचेरीत टायपिस्ट हवे होते, पण तीस स्पीडचं सर्टिफिकेट पाहिजे. दिराने बजावलं होतं, "औंदा न्हाई झाली, तर दिवाळीनंतर ऊसतोडीला." सोनाबाईंनी स्वतः अठरा वर्षं ऊस तोडलेला. त्या दिराला म्हणाल्या होत्या, "माझ्या हाताच्या घट्ट्यावर भागलं न्हाई का तुमचं?"

परीक्षेला तेव्हा आपापलं मशिन घेऊन जावं लागायचं. आम्ही टांग्यातून नेली. मी विमलच्या मागच्याच बाकावर होते. सर आणि सोनाबाई व्हरांड्यात, खिडकीशी. घंटा झाली आणि उतारा निघाला आमच्या शेपटीचा! सँक्शन काय, इलेक्शन काय. विमल अशी सुटली की मी माझं सोडून तिच्याकडे बघायला लागले.

तिसऱ्या ओळीत फट् झालं. तिच्या मशिनची दोरी तुटली. ही दोरी कॅरेज डावीकडे ओढते. ती नसली की सगळी अक्षरं एकाच जागी, एकमेकांच्या डोक्यावर.

परीक्षक म्हणाले, "जादा मशिन नाही. पुढच्या वेळी या." विमलने कळांवरची बोटं उचलली नाहीत.

खिडकीबाहेर सर हळूच म्हणाले, "आता कुणी डावीकडून ओढून धरलं तरच..." त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत सोनाबाई आत. पदराची पट्टी टर्रकन फाडली, कॅरेजला बांधली आणि मशिनच्या डाव्या अंगाला फतकल मारून बसल्या.

परीक्षक धावले. "बाई, परीक्षेत मदत चालत नाही!"

"मदत कशाची, सायेब? मला अक्षर येत न्हाई. लिवनार ती. मी निस्ती वडनार."

परीक्षकांनी प्रश्नपत्रिका त्यांच्यासमोर धरली. "काय लिहिलंय?"

सोनाबाईंनी कागद नीट न्याहाळला. "कडा लई वाकड्यातिकड्या हायेत. कुनी केलं हे?"

परीक्षकांनी घड्याळ बघितलं, विमलकडे बघितलं आणि म्हणाले, "ओढा."

मग काय! विहिरीवर मोटेचा दोर धरून हात तयार झालेले. सोनाबाई एकसारखा ताण धरायच्या, ओळ संपली की ढील द्यायच्या. सुनेने एकदाही मान वळवली नाही आणि सासूने एकदाही हात हलू दिला नाही. पट्टी घामाने भिजली. विमल शेवटच्या शब्दावर पोचली तेव्हा घंटा व्हायची होती.

विमल पास झाली. मीही झाले, काठावर.

परीक्षकांना केंद्राचा अहवाल द्यावा लागायचा: उमेदवार किती, मशिनं किती, कोण कोण आत आलं. सोनाबाईंना कुठल्या रकान्यात घालायचं? त्यांनी पुष्कळ विचार केला असावा. सरांनी तो कागद पुढे कधीतरी पाहिला. विमलच्या नावापुढे 'मशिनसोबत आणलेले सुटे भाग' या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'एक. उत्तम स्थितीत.'