बिनखिळ्याच्या फुलदाण्या

झरीहून परभणीत राहायला आलेल्या शेजारच्या काकू बोलताना सारख्या भिंतीवरून हात फिरवतात. त्यांना त्या भिंतीवर फुलदाण्या हव्या होत्या. घरमालकांनी मात्र बजावलं होतं, "एक खिळा ठोकला तरी खोली खाली करायची."

काकूंनी खिडकीच्या गजापासून दारावरच्या झरोक्यापर्यंत दोरी ताणली आणि तिला शरबताच्या रिकाम्या बाटल्या बांधल्या. शेतातल्या सवयीनं दोरी भिजवून घेतली होती. वाळल्यावर ती सैल पडली आणि दोन बाटल्या फुटल्या. काचा गोळा करता करता काकू मला म्हणाल्या, "आता कोरडीच ताणते. धर की गं माय, बघत काय बसलीस?"

दुसऱ्या दिवशी घरमालक आले. बाटल्यांत ज्वारीची कणसं आणि कापसाची बोंडं उभी होती.

"खिळे कुठं ठोकलेत?"

"हुडका की!"

घरमालकांनी एकेक बाटली उचलून मागची भिंत पाहिली आणि जाताना एक वाकडं कणीस सरळ केलं.

मग काकू माझ्या खोलीत डोकावल्या. खोली आपली नाही असं वाटून मी वर्षभर तिथं काहीच लावलं नव्हतं.

"तुजी भिंत लय उघडी हाय," म्हणत त्यांनी उरलेली बाटली माझ्या हातात दिली.

मी कोरडी दोरी शोधायला लागले.