एक तृतीयांश क्रेडिट

बाबांना पक्षाघाताचा झटका आला तेव्हा आम्हाला दिल्लीतल्या आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडून नोएडाला येऊन दोन वर्षं झाली होती. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. एक तरुण स्पीच थेरपिस्ट आठवड्यातून तीनदा घरी यायला लागली. ती चित्रांची कार्डं समोर धरायची आणि विचारायची, "अंकल, ये क्या है?" बाबा कार्डाकडे बघत राहायचे, मग चिडून मान फिरवायचे.

एकदा तिनं किल्लीचं चित्र दाखवलं. बाबा बराच वेळ ओठांची जुळवाजुळव करत होते. मग म्हणाले, "किल्ली."

"कील नहीं अंकल, ठीक से देखिए," ती म्हणाली आणि तिनं वहीत फुली मारली.

मी स्वयंपाकघरातून धावतच बाहेर आले. "बरोबर सांगितलं त्यांनी!" असं मी मराठीतच ओरडले, मग हिंदीत समजावलं, की किल्ली म्हणजे चाबी, कील म्हणजे खिळा नव्हे. चाळीस वर्षं ऑफिसात ज्या हिंदीत त्यांनी काम केलं, ती पुसली गेली होती आणि खाली मराठी शिल्लक होती. त्या दिवसापासून मी प्रत्येक वेळी शेजारी बसायला लागले. पुढचं दीड वर्ष बाबा थोडं थोडं बोलले. ते गेल्यानंतर ती थेरपिस्ट भेटायला आली तेव्हा म्हणाली, "दीदी, आप यही काम क्यों नहीं करतीं?"

मी तेव्हा छत्तीस वर्षांची. एका आयटी कंपनीत मशीनं कशी वापरायची याच्या पुस्तिका लिहीत होते. तिचं बोलणं डोक्यातून जाईना. चौकशी केली तर इथं सगळीकडे एकच उत्तर, बारावीला सायन्स हवं. माझं आर्ट्स. शेवटी परदेशातलं एक विद्यापीठ सापडलं. त्यांना कुठल्याही विषयातली पदवी चालत होती, पहिलं वर्ष घरून ऑनलाइन करता येत होतं. अट एवढीच, की आधी कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या पातळीचं बायॉलॉजी आणि फिजिक्स करून त्यांची क्रेडिट आणायची. प्रत्येकी तीन. दुसऱ्या मान्यताप्राप्त कॉलेजातून ऑनलाइन केली तरी चालतील, असं त्यांच्या सल्लागार बाईंनी लिहिलं होतं. 'क्रेडिट ट्रान्स्फर होतील' हे वाक्य मी आईला वाचून दाखवलं. आई म्हणाली, "अगं, मग सोपंच आहे की."

तिकडच्याच एका कॉलेजात मी दोन्ही विषयांना नाव घातलं. बायॉलॉजी पाठांतरावर निभावलं. फिजिक्सनं मात्र पहिल्याच आठवड्यात मला रडवलं. व्हिडिओतले सर फळ्यावर बाण काढायचे, बाणांवर अक्षरं लिहायचे आणि 'हे तर उघडच आहे' असं म्हणून पुढे जायचे. मला काहीही उघड नव्हतं. दहावीनंतर फिजिक्सशी संबंधच आला नव्हता. व्हिडिओ थांबवायचा, मागे घ्यायचा, पुन्हा बघायचा. प्रश्न विचारायचा तर एका चौकटीत लिहायचा, आणि तीन दिवसांनी कुणीतरी उत्तर द्यायचं की धडा चौथा पाहा. चौथा धडा पाहूनच तर प्रश्न पडला होता.

आमच्या सोसायटीत पाचव्या मजल्यावर एक मराठी काका राहतात. सरकारी प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले, एकटे, आणि बोलायला जरा फटकळ. आईनंच त्यांना सांगितलं असावं. एका रविवारी ते वर आले आणि माझी वही उघडून बघितली.

"हे काय, नुसते फॉर्म्युले उतरवलेस? मराठीत सांग बघू, टेबलावरचा हा डबा खाली का जात नाहीये?"

"काका, मला मराठीतले शब्द येत नाहीत. दिल्लीत शिकले ना."

"शब्द राहू दे. डब्याला कोण ओढतंय आणि कोण अडवतंय, एवढं सांग."

मी अडखळत सांगितलं. पृथ्वी खाली ओढतेय, टेबल वर रेटतंय. "बिल्कुल!" काका म्हणाले. "आता प्रत्येक गणित आधी असं बोलून दाखवायचं, मगच लिहायचं." ती युक्ती मला लागू पडली. बाण बघितले की मी पुटपुटायला लागायची, दोरी वर ओढते, वजन खाली ओढतं, आणि उत्तर बहुतेक वेळा जमायचं. ऑफिसच्या कॅबमध्येसुद्धा मी पुटपुटत असायची.

प्रयोग घरच्या वस्तूंनी करायचे होते. त्यातला एक लिफ्टचा. वजनकाटा लिफ्टमध्ये ठेवून त्यावर उभं राहायचं, लिफ्ट सुटताना, मध्ये आणि थांबताना काटा किती दाखवतो ते टिपायचं. काका फोनवर फोटो काढायला आले. आम्ही तळमजल्यापासून बाराव्यापर्यंत तीन फेऱ्या मारल्या. दर दोन मजल्यांवर कुणीतरी आत यायचं. भाजीची पिशवी घेतलेल्या एका बाईंनी न राहवून विचारलं, "मॅडम, वजन लिफ्ट में क्यों कर रही हो?" काका गंभीरपणे म्हणाले, "यहाँ कम आता है." चौथ्या फेरीला सातव्या आणि आठव्याच्या मध्ये वीज गेली. अंधारात मी काट्यावरच उभी राहिले. जनरेटर सुरू व्हायला वेळ लागला, तेवढ्यात काकांनी मला तोंडी तीन गणितं घातली. त्यांतली दोन चुकली.

तो प्रयोग मी मन लावून लिहून पाठवला. आठवड्यानं परत आला. आकडे बरोबर होते. पण फोटोत माझा चेहरा, माझं ओळखपत्र आणि काट्यावरचा आकडा हे तिन्ही एकत्र दिसत नव्हते, म्हणून प्रयोग अमान्य. काटा पायाखाली, चेहरा वर. पुन्हा सगळ्या फेऱ्या केल्या. काकांना लिफ्टच्या कोपऱ्यात उकिडवं बसून खालून फोटो काढावे लागले. त्यांचे गुडघे दुखत होते, तरी ते म्हणाले, "चलो, एक और." त्या फोटोत माझ्या नाकपुड्या, हनुवटीला टेकवलेलं ओळखपत्र आणि आकडा असं सगळं आलंय. तो मंजूर झाला.

मग अंतिम परीक्षा. घरूनच द्यायची, पण कॅमेऱ्यावर एक देखरेख करणारी बाई आणि सोबत एक सॉफ्टवेअर. परीक्षा मी सकाळची निवडली. आईला बजावून ठेवलं की काहीही झालं तरी खोलीत यायचं नाही. लॅपटॉप उचलून चारी भिंती, छत, टेबलाखालची जागा दाखवली. देवघर दाखवल्यावर बाईंनी लिहिलं, तिथे कागद आहेत का? पोथी होती. ती काढून बाहेर ठेवावी लागली.

परीक्षा सुरू झाली. तिसऱ्या प्रश्नाला पडद्यावर सूचना आली: ओठ हलत आहेत, कृपया बोलू नका. मी ओठ घट्ट मिटले. पाचव्या प्रश्नात उतारावरून घसरणारा ठोकळा होता. मी मनात म्हणत होते असं मला वाटत होतं, पण आवाज फुटला असणार. दुसरी सूचना आली आणि त्यापाठोपाठ पडदा पांढरा झाला. परीक्षा बंद. कारण: परीक्षेदरम्यान अन्य व्यक्तीशी संभाषणाचा संशय.

मी तशीच खुर्चीत बसून राहिले. आईनं दार जरासं उघडून विचारलं, "झाली का गं इतक्यात?" मी तिच्यावर ओरडले. तिचा काहीच दोष नव्हता. ती चहा ठेवून गेली, आणि मला आणखीच वाईट वाटलं.

अपील करायला एक फॉर्म होता. कोणत्या भाषेत बोललात, नेमकं काय बोललात, कोणाशी बोललात. मी लिहिलं, भाषा मराठी. बोलले ते असं: 'पृथ्वी खाली ओढते, उतार तिरका रेटतो, घर्षण वर अडवतं.' कोणाशी, या चौकटीत लिहिलं, स्वतःशी. अकरा दिवस उत्तर नाही. त्या अकरा दिवसांत मी ऑफिसात कुणाशी धड बोलले नाही. बोलणं शिकवायचं काम करायला निघाले होते आणि पुटपुटले म्हणून हाकलली गेले होते, हे कुणाला सांगावं तर लोक हसत होते. काका हसले नाहीत. ते म्हणाले, "मी चुकीचं शिकवलं तुला. सॉरी." हे तर त्याहून वाईट होतं.

बाराव्या दिवशी पुन्हा परीक्षा द्यायची परवानगी आली. खेद वगैरे काही नव्हता. या खेपेला मी दाढेखाली लवंग धरून बसले, म्हणजे जीभ हलली की आठवण व्हावी. तोंड भाजत होतं, डोळ्यांत पाणी येत होतं, त्यावरही सूचना येईल म्हणून मी डोळे पुसलेसुद्धा नाहीत. पास झाले. चांगल्या ग्रेडनं पास झाले. काकांनी माझी गुणपत्रिका स्वतःच्या दाराला आतून चिकटवली.

दोन्ही विषयांची क्रेडिट विद्यापीठाकडे गेली. दोन आठवड्यांनी सल्लागार बाईंची मेल आली. बायॉलॉजी मान्य. फिजिक्समध्ये तुम्हाला शून्य पूर्णांक तेहतीस क्रेडिट कमी पडत आहेत.

मला वाटलं टायपिंगची चूक असेल. चूक नव्हती. मी शिकले त्या कॉलेजात वर्षाचे तीन भाग करतात आणि विद्यापीठात दोन, त्यामुळे कॉलेजातली दीड क्रेडिट म्हणजे विद्यापीठातलं एक. माझं बायॉलॉजी पाच क्रेडिटचं होतं, ते निभावलं. फिजिक्स चार क्रेडिटचं, त्याची झाली दोन पूर्णांक सदुसष्ट. हवी होती तीन. नाव घालण्याआधी मी याच बाईंना कोर्सचं पान पाठवून विचारलं होतं आणि 'उत्तम निवड' असं त्यांचं उत्तर माझ्याकडे होतं. ते मी परत पाठवलं. त्या म्हणाल्या, विषय म्हणून निवड उत्तमच होती.

काकांचा संताप बघण्यासारखा होता. खोलीत फेऱ्या मारत ते म्हणाले, "त्यांना विचार, तेहतीस शतांश म्हणजे नेमकं काय शिकायचं राहिलंय तुझं? धडा सांगा म्हणावं, मी शिकवतो."

मी खरंच विचारलं, जरा सभ्य शब्दांत. उत्तर एका ओळीचं होतं: प्रश्न अभ्यासाचा नसून मोजणीचा आहे. कमी पडलेला भाग फिजिक्स, केमिस्ट्री, भूशास्त्र अशा कोणत्याही विषयातल्या छोट्या कोर्सनं भरून काढता येईल. पण त्या वर्षीच्या प्रवेशाची मुदत तोवर संपलेली होती. एक तृतीयांश क्रेडिटपायी माझं अख्खं वर्ष गेलं.

त्या दिवसांत मी सोडून द्यायच्या बेतात होते. आईला तसं सांगितलंही. तिला वाटलं मी तिच्यासाठी सोडतेय. "माझं काही कारण काढू नकोस हं," ती म्हणाली, "मी ठणठणीत आहे." तिच्यासाठी नव्हतंच ते, मला नुसती शिसारी आली होती. पण इतकं केल्यावर तेवढ्यासाठी सोडायचं याचीही शिसारी आली, आणि त्या दुसरीनं पहिलीवर मात केली.

त्या काळात मिळण्यासारखा एकच छोटा कोर्स होता, दगडांवरचा. दगड ओळखायचे, त्यांचे प्रकार लिहायचे. बाबांसारख्या माणसांना बोलतं करण्यासाठी मी दोन महिने दगड शिकले. काकांनी हात वर केले, "दगड मला येत नाहीत." शेवटच्या कामात आपल्या गावातला दगड जागेवर जाऊन बघायचा होता. आई म्हणाली, मीही येते. मेट्रोनं आणि मग रिक्षानं आम्ही हिंदूराव हॉस्पिटलच्या बाजूला रिजवर, दिल्लीतल्या जुन्या खडकाळ टेकडीवर गेलो. माकडांच्या भीतीनं आईनं पर्स पोटाशी धरली होती. मी उघड्या खडकाचे फोटो काढले, हात फिरवून बघितला. क्वार्टझाइट. कोट्यवधी वर्षांचा. या शहरात जन्म काढला, पण आपण कशावर उभे आहोत ते कधी बघितलं नव्हतं. ते बघून बरं वाटलं हे कबूल करते, पण राग गेला नाही. आई एका खडकावर बसली आणि म्हणाली, "आपल्याच गावातला दगड बघायला परदेशातल्या लोकांनी सांगावं लागतं का गं?"

पुढच्या वर्षी प्रवेश मिळाला. मेल ऑफिसात असताना आली, दुपारच्या मीटिंगमध्ये. मी फोन उलटा ठेवला आणि मीटिंग संपेपर्यंत बसले. आनंद होईल असं वाटलं होतं, पण फक्त खांदे सैल पडले. संध्याकाळी काकांना दाखवली तेव्हा त्यांनी चष्मा लावून आकडा शोधला. फिजिक्स आणि दगड मिळून तीन पूर्णांक सदुसष्ट.

"आता जास्त झाली," ते म्हणाले. "उरलेली परत देतात का?"

देत नाहीत. मी विचारलं होतं.

रात्रीच्या जेवणानंतर सल्लागार बाईंना आभाराची मेल लिहायला बसले. दोन ओळी लिहून झाल्यावर आभार खोडले आणि त्याऐवजी लिहिलं, की क्रेडिटची मोजणी वेगळी असते हे कृपया तुमच्या पानावर पहिल्या ओळीत लिहा, माझ्यासारख्या बाकीच्यांसाठी. उत्तर आलं नाही. काल मी ते पान उघडून बघितलं. पहिल्या ओळीत अजूनही तेच आहे, क्रेडिट ट्रान्स्फर होतील.