अण्णांनी न दाबलेलं बटण

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ नाही, आणि जिला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं त्या सुमाअक्काजवळ तर नाहीच नाही. आज सांगतेय, तेही धीर आला म्हणून नव्हे. पोटात ठेवून ठेवून जीव विटला, एवढंच.

तुम्ही मला ओळखत असाल तर म्हणाल, ही आणि गप्प? मी मूळची पुण्याची, सर्जापूर रोडला राहते, बेळ्ळंदूरला नोकरी करते आणि वाटेत रोज कुणाशी तरी भांडते. रिक्षावाल्याशी, सोसायटीच्या सेक्रेटरीशी, सिग्नल तोडणाऱ्याशी. तोंडाला कुलूप हा प्रकारच नाही. मग एक साधं वाक्य दहा वर्षं घशात अडकून बसतं, ते कसं? मलाही कळलेलं नाही.

तेव्हा इंटरनेटची ती चळवळ पेटली होती. आठवत असेल तुम्हाला. मोबाइल कंपन्यांना ठरवायचं होतं की कुठली साइट फुकट, कुठली महाग, कुठली पळेल आणि कुठली रांगेल. आम्ही म्हणत होतो, रस्ता सगळ्यांना सारखाच हवा. तुम्ही कोण आमच्या वतीनं ठरवणारे? हे वाक्य मीच फलकावर लिहिलं होतं, लाल रंगात. रविवारी सकाळी फलक घेऊन आम्ही बागेच्या फाटकाशी उभे राहायचो. सरकारी कचेरीनं लोकांची मतं मागवली होती, म्हणून एक तयार पत्र केलेलं होतं; आपल्या मेलवरून ते पाठवायचं, खाली आपलं नाव, झालं. आणि आमच्या ग्रुपवर रोज विचारणा व्हायची, कुणी किती जणांकडून पाठवून घेतली?

इथेच माझी जीभ सैल सुटली. मी लिहून बसले, ‘रविवारी आमचं अख्खं मंडळ आणते!’

मंडळ म्हणजे बसवनगुडीच्या बाजूला, एका गल्लीत, इथल्या जुन्या मराठी मंडळींनी चालवलेलं. पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरात राहिलेली माणसं. मराठी बोलता बोलता मध्येच ‘जरा’ला ‘स्वल्प’ आणि ‘बरं’ला ‘सरी’ म्हणणारी. मला तिथे पहिल्यांदा नेलं ते अण्णांनी. निवृत्त शिक्षक, पांढराशुभ्र शर्ट, वरचं बटणसुद्धा लावलेलं. मला ‘पुट्टी’ म्हणायचे. कन्नडमध्ये चिमुरडीला म्हणतात तसं. पस्तिशीच्या बाईला! सुमाअक्का ही त्यांची मुलगी. एका मोबाइल कंपनीच्या ऑफिसात कंत्राटावर होती, आणि त्याच महिन्यात तिला कायम करणार होते. अण्णांनी मंडळातल्या प्रत्येकाला ते दोनदा सांगून झालं होतं.

तर त्या रविवारी मंडळात चैत्रातलं हळदीकुंकू होतं. मी फलक-बिलक घेऊन गेले, सगळ्यांना समजावलं. बायकांनी कौतुकानं ऐकलं, ‘करूया हं’ म्हणाल्या आणि कैरीच्या डाळीकडे वळल्या. पुरुष म्हणाले, ‘सरी, सरी, जेवण होऊ दे.’ एकानंही पाठवलं नाही. एकानंही! आणि ग्रुपवर विचारणा सुरू झाली होती. ‘काय गं, तुझं मंडळ कुठे आहे?’

मंडळाच्या कचेरीत एक जुना कंप्युटर होता. लोक त्याच्यावर लाइटबिल भरायचे, गॅसचा नंबर लावायचे, आणि तसेच उठून जायचे. मेल बंद करायची सवय कुणालाच नव्हती. मी खुर्चीत बसले. मेलचं पान उघडलं, तर समोर सात नावं. पासवर्ड कंप्युटरनंच लक्षात ठेवलेले.

पुढचं सांगायला नको, पण सांगते. मी सातही नावांनी पत्रं पाठवली. दहा मिनिटं लागली असतील. तेव्हा मनात काय होतं? काही म्हणजे काही नव्हतं. चांगल्या कामासाठी आहे, विचारलं असतं तर हो म्हणालेच असते — असलं काहीतरी. त्यातलं एक नाव सुमाअक्काचं होतं. अण्णांचा स्वतःचा मेल नव्हता, ते लेकीचाच वापरायचे. ती कुठल्या कंपनीत आहे हे मला माहीत होतं. वाचलं मी ते नाव, आणि तरी पाठवलं. त्या वेळी उघड्या दारातून मला अण्णा दिसत होते. हातात पन्ह्याचा जग, आणि बायकांना आग्रह करकरून वाढत होते.

ग्रुपवर मी लिहिलं, ‘सात झाले!’ टाळ्या पडल्या.

मग काही दिवसांनी त्या सरकारी कचेरीनं आलेली सगळी पत्रं, नावांसकट, मेलसकट, जाहीर करून टाकली. आम्ही काय खवळलो! मी तर लांबलचक लिहिलं, ‘लोकांना न विचारता त्यांची नावं अशी वापरता?’ हो. हे मी लिहिलं. याच हातांनी.

सुमाअक्काच्या ऑफिसात कुणीतरी ती यादी चाळली. तिचं नाव सापडलं. पत्रात कंपन्या गिऱ्हाइकांना लुबाडतात असं लिहिलेलं, खाली तिचं नाव. ती म्हणाली, मी पाठवलेलं नाही. त्यांनी मेल उघडून दाखवायला लावला, तर पाठवलेल्यांत ते पत्र होतंच. रविवार, दुपारी एक दहा. तिचा साहेब माणूस बरा होता. म्हणाला, ज्यानं पाठवलं त्याचं लेखी आणा, मी वर बोलतो.

एक कागद. त्याच्यावर माझं नाव आणि दोन ओळी. तेवढ्यानं तिची नोकरी राहिली असती.

त्याच शनिवारी अण्णा माझ्या घरी आले. दोन बस बदलून, उन्हातनं. पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणाले, ‘पुट्टी, तू कंप्युटरवाली. स्वल्प सांग की गं मला. लाइटबिल भरताना काहीतरी भलतंच दाबलं गेलं, तर असं पत्र आपोआप जाऊ शकतं का?’

मला नुसतं ‘नाही’ म्हणायचं होतं. नाही अण्णा, आपोआप काही जात नाही. शिवाय एक दहाला तुम्ही पन्हं वाढत होता, मी पाहिलंय! त्यांना स्वतःला ते आठवत नव्हतं. आठवणारी मी एकटी. पण ‘नाही’ म्हटलं की पुढचा प्रश्न येणार — मग कुणी?

मी म्हणाले, ‘होऊ शकतं, अण्णा.’

त्यांनी आपल्या बोटांकडे बघितलं. मग म्हणाले, ‘सरी. म्हणजे मीच. सुमा म्हणत होती, माझा विश्वास बसेना.’ आणि मला वाटलं, आता संपलं, आता तरी जातील. पण त्यांनी खिशातून घडी घातलेला कोरा कागद काढला. इंग्रजीत माफीचं पत्र हवं होतं. ‘तुझं इंग्रजी चांगलं आहे गं.’

लिहिलं मी. छान लिहिलं. वयोवृद्ध वडील, यंत्राचं अज्ञान, मुलीचा यत्किंचितही दोष नाही. माझ्याच गुन्ह्याची कबुली, आणि खाली सही अण्णांची. त्यांच्या घरातल्या माणसाच्या नावानं मी पत्र लिहिण्याची ही दुसरी वेळ. ते सही करताना कागद सरकू नये म्हणून मी तो दाबून धरला होता. बोला आता काय बोलायचं ते.

ते पत्र कुणी खरं मानलं नाही. वरचे म्हणाले, बाप आहे, लेकीला पाठीशी घालतोय. सुमाअक्काला काढलं नाही, फक्त कायम केलं नाही आणि कंत्राट पुढे चालवलं नाही. पुढे आम्ही जिंकलो. नियम आमच्या बाजूनं आला, आम्ही केसरीभात वाटला, फोटो काढले. माझी सात पत्रं त्या ढिगात असती-नसती तरी तोच नियम आला असता. तो फोटो अजून आहे माझ्याकडे. काय हसतेय मी त्यात!

सुमाअक्का आता घरीच शिकवण्या घेते. बापलेकीत अबोला नाही, पण पूर्वीची मजाही नाही. ती चारचौघांत म्हणते, ‘अण्णांच्या हातात फोन देऊ नका हं.’ आणि मंडळात तर तो विनोदच होऊन बसला. ‘अण्णा, जपून, बटण दाबाल तर सरकार पडेल!’ सगळे हसतात. अण्णाही हसतात. मीही हसते. न हसून कसं चालेल? पण तेव्हापासून त्यांनी त्या कंप्युटरला हात लावलेला नाही. लिफ्टचं बटणसुद्धा दुसऱ्याला दाबायला सांगतात.

सांगायला मी निघाले नव्हते असं नाही. दोनदा तर त्यांच्या दारापर्यंत गेले. एकदा सुमाअक्कानंच दार उघडलं, म्हणाली, ‘ये गं, कॉफी टाकते.’ मी कॉफी प्यायले आणि परत आले. दर वर्षी वाटतं, आता फार उशीर झाला. पहिल्या आठवड्यातही हेच वाटलं होतं.

गेल्या महिन्यात अण्णा मंडळात भेटले. ऐंशीच्या पुढे गेलेत, पांढरा शर्ट तसाच, वरचं बटण लावलेलं. मला कोपऱ्यात बोलावलं आणि फोन पुढे केला. सुमाअक्काचा वाढदिवस होता, आणि तिच्यासाठी त्यांनी निरोप लिहिला होता, मराठीत, स्वतः, एकेक अक्षर शोधून. सकाळपासून लिहीत होते म्हणे. पाठवायचा तेवढा राहिला होता.

‘तूच दाब गं पुट्टी. माझ्या बोटांचा भरवसा नाही.’

मी वाचलं. ‘सुमा, अनेक आशीर्वाद. हे पत्र मी स्वतः पाठवतो आहे. चुकून गेलेलं नाही. — अण्णा.’

मी बटण दाबलं.

‘गेलं का?’ त्यांनी विचारलं.

‘गेलं, अण्णा.’