वाळ्याचा कूलर
ओल्या वाळ्याचा वास आला, की ती मैफल आठवते. युरोपचं बरोक संगीत तीनशे वर्षांपूर्वीच्याच पद्धतीनं वाजवणारी मंडळी सोलापुरात आली होती आणि गावातला एकमेव जाणकार म्हणून आयोजक अर्थातच मी. मे महिना होता, म्हणून वाळ्याच्या मोठ्या कूलरचा झोत मी थेट मंचावर सोडला. मंडळी अर्धा तास नुसत्या वाद्यांच्या खुंट्या पिळत बसली. “साधा सूर लावता येईना, आणि म्हणे परंपरा!” मी मोठ्यानं म्हणालो. गाद्या घालायला आलेले पिंजारी चाचा उठले. “साहेब, आतड्याच्या तारा हायत त्या, आमच्या कापूस पिंजायच्या तातीवानी. ओल लागली की बिघडत्यात. कूलर बंद करा की!” कूलर थांबला, हळूहळू सूर जुळले. शेवटी पाहुण्यांनी गावातल्या खऱ्या जाणकाराचे आभार मानले. मी नमस्कार करत उठलोही, पण पुष्पगुच्छ चाचांकडे गेला. घरी मी अजून पंख्यावरच भागवतो.