मी पारखलेलं इंजिन

लढाई संपली आणि नगरच्या कॅम्पातल्या वर्कशॉपातून आम्हाला घरी पाठवलं, तेव्हा माझ्या नावाचा चांगलाच बोलबाला झालेला होता. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचं, मूठ कानाला लावायची आणि आत काय झिजलंय ते सांगायचं, ही माझी ख्याती. खरी गोष्ट अशी की कान केव्हाच गेले होते. चार वर्षं बंद शेडमध्ये रणगाड्यांची इंजिनं तपासल्यावर डोक्यात सतत रातकिडे ओरडायचे आणि बारीक आवाज त्यांच्यात बुडून जायचे. हे मी कुणालाही सांगितलं नाही. सांगून खाणार काय?

त्या वर्षी लष्कराच्या जुन्या जीपा लिलावात निघाल्या. व्यापारी त्या घाऊक उचलायचे, रंग मारायचे आणि विकायचे. घेणारे मला सोबत नेत. मीही जाई. कानाला स्क्रू-ड्रायव्हर लावून डोळे मिटून उभा राही आणि बाकी सगळं हातांनी, नाकानं, डोळ्यांनी ओळखी. हँडल फिरवताना चारही सिलिंडरांचा जोर सारखा लागतो का, धूर निळा येतो का, तेल कसं आहे, यावरून बरंच कळतं. कानाचं तेवढं नाटक. पण लोकांना नाटकच आवडायचं, आणि मलाही.

माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, पुणतांब्याच्या स्टेशनावर टांगा चालवायचे. अबोल, सरळ माणूस. घोडं थकलं होतं आणि दाजींनी जीपचा ध्यास घेतला होता. टांगा, घोडं, बहिणीच्या पाटल्या, सगळं त्या एका जीपमध्ये जाणार होतं. माझ्याकडे येऊन म्हणाले, "पाव्हणं, तुमी हाय म्हनाला तर घेतो. न्हाई म्हनाला तर गप घरी जातो."

व्यापाऱ्याच्या आवारात आम्ही सकाळीच गेलो. बॉनेटला हात लावला, गार होतं. म्हणजे आम्ही यायच्या आधी तापवून ठेवलेली नव्हती. हँडल फिरवलं, जोर चांगला. धूर स्वच्छ. तेलाची पट्टी ओढून बोटांत तेल घासलं, तर ते जरा जास्तच चिकट लागलं. जाड तेल ओतलं की झिजलेल्या बेअरिंगचा ठोका दबतो, हे मला कुणी शिकवायला नको होतं. मग इंजिन चांगलं तापू द्यायचं आणि ऐकायचं. नाहीतर खालचा बोल्ट काढून तेल फडक्यावर घ्यायचं आणि धातूचा चुरा दिसतो का ते पाहायचं. अर्ध्या तासाचं काम होतं.

पण भोवती दहा-बारा माणसं जमली होती. व्यापारी म्हणाला, "आता मिस्त्री कान लावनार." मी लावला. इंजिन तापलं होतं. मला रातकिड्यांखेरीज काही ऐकू आलं नाही. मी मान डोलावली.

तेवढ्यात दाजी माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाले, "पाव्हणं, आतून कुनीतरी दाराला टिचकी मारल्यावानी येतंय न्हवं?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल? राग आला. टांगेवाल्यानं चारचौघांत मला शिकवावं! मी मोठ्यानं म्हणालो, "दाजी, व्हॉल्व्ह वाजत्यात ते. समद्या इंजिनाचे वाजत्यात. हे घोडं न्हाई."

सगळे हसले. दाजीही हसले, कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल होऊन. जीप त्याच दिवशी घेतली.

पुढं मी त्यांना गाडी शिकवली. रोज सकाळी तेल बघायचं, हे दहा वेळा बजावलं. ते देवाला दिवा लावल्यासारखं तेल बघत. दीड महिना जीप छान चालली. बहीण निरोप पाठवायची की घरात आता दोन्ही वेळ नीट चूल पेटते. मला वाटलं, चला, निभावलं.

मग एका दुपारी राहात्याच्या रस्त्यावर, पाच उतारू बसलेले असताना, इंजिनातला पिस्टनचा दांडा तुटला आणि इंजिनाचीच बाजू फोडून बाहेर आला. कुणाला लागलं नाही. बैल जुंपून जीप घरापुढे आणली. मी दुसऱ्या दिवशी पोचलो, तेव्हा दाजी शेजारी मातीत बसले होते.

"त्या सकाळी घाई हुती," ते म्हणाले. "तेल बघाया इसरलो. घोड्याला पानी दावायचं कदी इसरलो न्हाई, आन हितं इसरलो."

मी इंजिन खोललं. तळाशी तेल होतं, बेतानं का होईना, पुरेसं होतं. दुसऱ्या नंबरचं बेअरिंग पार झिजून गेलं होतं. कडा जुन्या, काळ्या पडलेल्या. दीड महिन्याची झीज नव्हती ती. दाजींनी त्या दिवशी जे ऐकलं होतं, ते मी आता हातात धरून उभा होतो.

"तेलानंच गेलं न्हवं?" त्यांनी विचारलं. दारात बहीण उभी होती.

मी म्हणालो, "व्हय."

एवढा एकच शब्द. बहिणीनं तोंडाला पदर लावला आणि आत गेली. त्या दिवसापासून ती नवऱ्याशी कामापुरतंच बोलायची. जीप भंगारात गेली. दाजी साखर कारखान्यावर पोती उचलायला जाऊ लागले. चाळिशी उलटलेला माणूस, पाठ महिनाभरात वाकली. मी अनेकदा ठरवलं की जाऊन सांगून टाकायचं. मग माझ्या गॅरेजात कुणीतरी गाडी घेऊन यायचं, "मिस्त्री, जरा कान लावा" म्हणायचं, आणि मी लावायचो.

दिवाळीला भाऊबीजेसाठी गेलो. बहिणीनं पाटाभोवती रांगोळी काढली होती. ओवाळताना नवऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "दादा, तू सोन्यासारखी वस्तू घेऊन दिली हुती. आमच्याच घरात करंटेपना."

दाजी ओट्यावर बसले होते. निघताना ते माझ्यासोबत वाटेपर्यंत आले. पोत्यांनी सोललेले खांदे सदऱ्यातून दिसत होते. थांबून त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

"पाव्हणं, तुमच्या नावाला म्या बट्टा लावला. लोक म्हनत असतील, मिस्त्रीनं पारखलेली गाडी दीड महिन्यात गेली. मला माफ करा."

त्यांचे डोळे भरले होते. सांगायची याहून चांगली वेळ परत येणार नव्हती, हे मला तिथं उभ्या उभ्या कळत होतं.

"जाऊ द्या, दाजी," मी म्हणालो. "माफ केलं."